फिलूमावशीची बाव

फिलूमावशीची आणि माझी ओळख माझ्या स्कूटरवरून झाली. मरोळच्या ह्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. कामावर निघायच्या घाईत खाली पार्किंगमध्ये गेलो, तर स्कूटरच्या बाजूला एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई फुलाफुलांचा गाऊन घालून कमरेवर हात ठेवून उभी. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "तुजी हाय काय रे ही? माज्या बावीत उभी केलीस."

मला वाटलं, झालं, पार्किंगचं भांडण. नव्या इमारतीत सामान लावून व्हायच्या आधी ते लागतंच. मी तावातावानं सांगायला लागलो की ही जागा मला सोसायटीनं दिलीय, पाहिजे तर सेक्रेटरीला विचारा. तिनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "जागा तुजीच हाय रे. बाव माजी हाय. बाव म्हंजे इहीर. ह्या लादीच्या खाली हाय ती. तू गाडी ठेव, पन सकाली जरा बाजूला घेत जा. मना थोडा वेल उभं राहायचं असतं." एवढं बोलून ती लिफ्टकडे गेली. ती आमच्याच मजल्यावर, अगदी समोरच्या दारात राहते हे मला संध्याकाळी कळलं.

मावशी इथल्या गावठाणातली. मराठी बोलणारं जुनं ख्रिस्ती कुटुंब. आमची इमारत उभी आहे ती तिच्याच वाडीवर. वाडी गेली, कौलारू घर गेलं, त्या बदल्यात तिला आणि तिच्या मुलाला, विल्सनला, आमच्या समोरचा फ्लॅट मिळाला. विहीर बुजवली तेव्हाही ती इथेच होती. बिल्डरला शिव्या घालणारे गावठाणात खूप होते, पण मावशीला मी कधी तसं बोलताना ऐकलं नाही. "सही मीच केली. कोनी हात धरून नाय करवली," एवढंच म्हणायची आणि विषय बदलायची.

पहिल्याच आठवड्यात ती आमच्या घरी साखर मागायला आली आणि साखरेआधी तिनं पाणी मागितलं. बायको भांडं भरून द्यायला लागली, तर "राहू दे, मी घेते" म्हणत स्वतःच फिल्टरपाशी गेली. नळाखाली भांडं धरलं, पण नळ सोडला नाही. जरा वाकून फिल्टरला म्हणाली, "घेते गो बाय." मग मान कलती करून क्षणभर थांबली. मग नळ सोडला. आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिलो. पुढे हे रोजचंच झालं. बँकेतल्या थंड पाण्याच्या मशीनपाशीही ती तसंच म्हणायची आणि तशीच थांबायची. मागे रांग लागलेली असायची, लोक चुळबुळायचे, पण मावशीचं थांबणं काही चुकायचं नाही.

"पान्याला इचारून घ्यावं," ती म्हणायची. "न इचारता घेतलं तर ती चोरी." पण विचारून झाल्यावर थांबायचं कशाला, ते मला बरेच दिवस उमगलं नव्हतं. शेवटी एकदा विचारलंच. तेव्हा ती हसली. "अरे, आमची बाव बोलायची. आपन वाकून 'घेते गो बाय' बोललं की खालून 'बाय' बोलायची. मग पोहरा टाकायचा. माजी आया, म्हंजे आई, सांगायची, ती बोलल्याबिगर हात लावायचा नाय. आता ह्या नलाला तोंडच नाय, तो काय बोलनार? पन सवय हाय ना, थांबायची." हे सांगताना तिचा चेहरा हसराच होता. मला मात्र त्यानंतर फिल्टरचं पाणी घेताना उगाच अपराध्यासारखं वाटायचं.

विहीर बुजवायला डबर ओतायला लागले, त्या सकाळी मावशी बादली घेऊन गेली होती. तिथल्या पोरांना दटावून तिनं दोरीनं पाणी उपसून घेतलं आणि त्याबरोबर आलेले गप्पी मासे घरी आणले. डासांच्या अळ्या खायला कधीकाळी कोणीतरी सोडलेले ते बोटाच्या पेराएवढे मासे. त्यांची पिलं, पिलांची पिलं तिच्या बाल्कनीतल्या निळ्या पिंपात नांदत होती. "बावीचं एवढंच ऱ्हायलं," ती म्हणायची. त्यांच्या घरात नवं फर्निचर आलं तेव्हा सुनेनं पिंपाकडे बोट दाखवलं. आणि मावशी तडक माझ्याकडे आली, कारण माझ्या हॉलमध्ये माशांची मोठी काचेची टाकी होती.

मला माशांची हौस जुनी. टाकीच्या मागे मी दुकानातून आणलेला कागद चिकटवला होता. निळा समुद्र, पोवळी, बुडालेलं देऊळ, सगळं छापलेलं. मावशी खुर्ची ओढून टाकीसमोर बसली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "फोटो लावलास मागं? हे मासे काय फोटो बघून खूश होनार? त्यांना टेकायला भिंत पायजे रे. बावीत सगले मासे भिंतीला असतात. मधी फकस्त पानी." मी म्हटलं, "मग मावशी, भिंत करू या." सहज म्हणून गेलो. थर्मोकोल आणि सिमेंटचे खडक करून टाकीच्या मागे बसवतात, हे मी मोबाइलवर पाहिलं होतं, तेही तिला सांगून बसलो. झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दारात. काखेत कुणाच्या तरी टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल आणि हातात स्वतःच्या स्वयंपाकघरातली विळी.

थर्मोकोल कापायला गरम सुरी वापरतात, हे मी तिला सांगितलं. तिनं ऐकलं नाही. जमिनीवर बसली, विळीवर पाय ठेवला आणि सुरमई कापावी तसे दगड कापायला लागली. एकेक तुकडा कापायची, समोर धरायची, डोळे बारीक करून बघायची आणि बाजूला ठेवायची. कधी म्हणायची, "हा नाय. हा कोपऱ्यावरचा. तो जरा जाडा होता." मी तिला खडकांमध्ये छान कपारी करू या, एक गुहा करू या, असं सुचवलं, तर तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. तिला खडक करायचेच नव्हते. ती विहिरीची भिंत बांधत होती, आतली बाजू, दगडामागून दगड, जशी तिच्या डोळ्यांसमोर होती तशी.

त्या दगडांशी तिचं बोलणं चालायचं. "ह्याच्यावर दोराची खाच हाय, इथं जरा खोल कर." मी मेणबत्तीच्या ज्योतीनं थर्मोकोल वितळवून खाच पाडायचो. "हे लांब दगड पुढं काढ. ह्याच्यावर पाय देऊन पापा बावीतला गाल-चिखल काढायला उतरायचा. वरून आमी सगली पोरं बघायची आनि आया वरडायची, डोकी मागं घ्या." उंबराचं एक मूळ भिंतीतून आत आलं होतं म्हणे, ते तिनं सुताच्या दोरीला सिमेंट पाजून केलं. मग सिमेंटचे हात दिले, आधी पातळ, मग जरा दाट, नवऱ्याच्या जुन्या दाढीच्या ब्रशनं. घरभर थर्मोकोलचे दाणे झाले. कपड्यांना, केसांना, एकदा तर वरणात. बायको कपाळाला हात लावायची आणि हसायची. मावशी घरात आली की आमचं घर भरल्यासारखं वाटायचं.

पहिल्यांदा पाणी भरलं त्या दिवशी फजिती झाली. टाकी अर्धी भरली न भरली तोच आख्खी भिंत मागच्या काचेपासून सुटली आणि तरंगत वर आली. थर्मोकोल तो, तरंगणारच. मी डोक्याला हात लावला. मावशी मात्र टाळ्या वाजवून हसली. "बघ रे, बुजवलेली बाव कशी वर येते!" मग मी सिलिकॉननं भिंत काचेला पक्की चिकटवली आणि पुन्हा पाणी भरलं. सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, तो पूर्ण जाईपर्यंत पाणी पुन्हा पुन्हा बदलावं लागतं, नाहीतर मासे मरतात. मी दुकानातून रंग बदलणाऱ्या पट्ट्या आणल्या होत्या. मावशी बोट बुडवून चाटायची आणि तोंड वाकडं करायची, "अजून चुना लागतो." माझ्या पट्टीचं आणि तिच्या जिभेचं सहसा जमायचं.

ती एवढी घाई का करत होती, ते मला तोवर कळलं नव्हतं. एके दिवशी पाणी बदलताना तिनंच सांगितलं. शेरॉनचं लग्न ठरलं होतं. शेरॉन म्हणजे विल्सनची मुलगी, मावशीची एकुलती नात, कॅनडात नोकरीला. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात. बँड लावून बायका वाजतगाजत घरच्या विहिरीवर जातात, घागरीत पाणी घेतात आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. मावशी त्याच विहिरीच्या पाण्यानं न्हाली होती, तिची लग्न होऊन गेलेली मुलगीही. "आता सगले नलालाच उंबर समजतात. कंपाउंडात एक नल असतो, त्याला हार घालतात. विल्सन बोलतो, ममा, फादर कुटं काय बोलला, नलाचं पन चालतं. मी बोलले, फादरला आंघोल घालायची हाय काय?" मग हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "माज्या सहीनं बाव गेली रे. शेरॉनला ती नाय, असं नको व्हायला."

त्यानंतर मीही घाईला लागलो. पाणी कितीदा बदललं ते मला आता आठवत नाही. एका सकाळी मावशीनं बोट चाटलं आणि काहीच बोलली नाही. पुन्हा चाटलं. माझी पट्टीही ठीक होती. ती घरी गेली आणि पिंपातले गप्पी एका पातेल्यात घालून आणले. टाकीत सोडल्यावर ते क्षणभर मध्येच गोंधळले. मग एकामागून एक मागे सरकले, त्या पुढे आलेल्या लांब दगडांखाली, उंबराच्या मुळापाशी, आणि भिंतीला लागून स्थिर झाले. मावशीनं पदर नव्हता म्हणून गाऊनच्या बाहीनंच डोळे पुसले. तिला रडताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

लग्नाच्या आदल्या दुपारी बँड इमारतीत आला. मावशीनं घरच्यांना शेवटपर्यंत काही सांगितलं नव्हतं. बायका कंपाउंडातल्या नळाकडे वळल्या तशी ती म्हणाली, "नलाकडं नाय. वर चला." विल्सन "ममा, ममा" करत राहिला. सगळी मिरवणूक जिन्यानं आमच्या मजल्यावर आली. लाल चौकड्यांच्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या, डोक्यावर घागर घेतलेली मावशी, मागे धापा टाकत ढोलवाला. आमच्या दारात बायकोनं रांगोळी काढली होती. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. टाकीसमोर येऊन त्या म्हाताऱ्या थांबल्या. मग मावशीची नणंद, ह्याच गावठाणात वाढलेली कातरीन, पुढे आली, तिनं काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "फिलू, ही दोराची खाच हाय ना?" मावशीनं मान हलवली.

मी टाकीचा घुरघुरणारा पंप बंद केला. बँडवाल्यांना कोणीतरी थांबवलं. मावशी स्टुलावर चढली, काठोकाठ भरलेल्या टाकीवर वाकली आणि म्हणाली, "घेते गो बाय." मान कलती करून थांबली. आम्ही सगळे थांबलो. विल्सनसुद्धा. टाकीतून काही आलं नाही. मावशी जरा जास्तच थांबली असं मला वाटलं. सगळं होतं तिथं, दगड, खाच, मूळ, मासे, आणि तेवढंच नव्हतं. तेव्हा कातरीन हळूच म्हणाली, "नवी हाय गो. लाजते. बोलंल." सगळ्या हसल्या, मावशीही हसली, आणि तिनं घागर बुडवली.

घागरीत एक गप्पी आला. शेरॉन ओरडली, "ग्रॅनी, फिश! फिश आलाय!" पुन्हा हसू, गडबड, वाटीनं मासा काढून टाकीत सोडणं. माझ्या बायकोला माशांच्या पाण्यानं नवरीची आंघोळ जरा विचित्र वाटली होती, तसं तिनं दबक्या आवाजात विचारलंही. मावशी म्हणाली, "बावीत काय मासे नव्हते? आमी सगल्या त्याच पान्यात न्हालो, बघ कशा चकचकीत हाओत." बँड पुन्हा सुरू झाला आणि घागर समोरच्या दारात गेली. शेरॉनचे ओले केस पुसताना मावशी काहीतरी गुणगुणत होती, ते आमच्या हॉलपर्यंत ऐकू येत होतं.

त्यानंतर ती मला कुठेही भेटली, लिफ्टमध्ये, जिन्यात, खाली माझ्या स्कूटरपाशी, की एकच विचारायची, "बोलली काय रे?" मी म्हणायचो, "अजून लाजतेय मावशी." तो आमचा विनोदच होऊन बसला. तरी विचारल्यावर ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची, आणि त्या बघण्यात विनोद नसायचा. टाकी मी कायम काठोकाठ भरलेली ठेवायची, असा तिचा हुकूम होता. पाणी जरा कमी दिसलं की ओरडायची, "सुकवतोस काय माज्या बावीला?"

पुढच्या पावसाळ्यात ती आजारी पडली. हॉस्पिटलात भेटायला गेलो तेव्हा खूप बारीक झाली होती. गावठाणातली कोणीतरी बाई पाणी पाजत होती. मावशीनं ओठ हलवले, भांड्याकडे बघून काहीतरी पुटपुटली, थांबली, मग प्यायली. मला बघून विचारलं, "बोलली काय रे?" हो म्हणायचं अगदी जिभेवर आलं होतं. पण तिच्यापुढे ते जमेना. मी म्हटलं, "नाही गं मावशी." तिनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर धो धो कोसळत होता. "पावसात नाय बोलायची ती," मावशी म्हणाली. "तोंडोतोंड भरलेली असायची ना." मी तिचा हात हातात घेऊन बसलो. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

तिला मातीआड करून आलो, त्या संध्याकाळी मी स्कूटर पार्किंगमधून काढून रस्त्यावर उभी केली. बरेच दिवस तिथंच ठेवत होतो. तिची आठवण येते असं नुसतं म्हणून काय होणार? सकाळी लिफ्टचं दार उघडलं की फुलाफुलांचा गाऊन दिसेल असं अजून वाटतं. गप्पी मात्र मजेत आहेत, पिलं घालतात, भिंतीला लागून असतात. पाणी बदलताना मीही म्हणतो, "घेतो गो बाय." बायको पहिल्यांदा हसली, आता हसत नाही.

गेल्या उन्हाळ्यात दगडांवर शेवाळ फार दाटलं. घासायचं तर पाणी बरंच उपसणं भाग होतं, मासे सोडल्यापासून एवढं मी कधी उपसलं नव्हतं. मासे पातेल्यात काढले. पाणी तळाशी थोडंसंच ठेवलं. स्टुलावर चढून खांद्यांपर्यंत आत वाकलो, जुना टूथब्रश दोराच्या खाचेत घातला आणि सवयीनं म्हणालो, "घेतो गो बाय."

खालून, त्या सिमेंटच्या दगडांमधून, जाडसर, दबका आवाज आला. "...बाय."

मी तसाच वाकून राहिलो. मग पुन्हा म्हटलं. पुन्हा आला. पावसात बोलायची नाही, तोंडोतोंड भरलेली असायची. तिनं स्वतः सांगितलं होतं. आणि आम्ही दोघांनी तिला कायम काठोकाठ भरलेली ठेवली होती.

मी स्टुलावरून उतरलो आणि ओल्या हातांनीच धावलो. दार उघडलं, समोरची बेल दाबली. आतून पावलांचा आवाज यायला लागला तेव्हा मला आठवलं, आता सांगणार कुणाला? विल्सननं दार उघडलं. माझ्या कोपरांवरून पाणी त्याच्या उंबरठ्यावर ठिबकत होतं.

"बोलली," मी म्हटलं.

कोण, असं त्यानं विचारलं नाही. तो तसाच अनवाणी माझ्यामागून आला.